बेन होगनची पहिली दहा वर्षे

गोल्फचा इतिहास थोडाफार वाचलेल्या माणसाला बेन होगन हे नाव बहुधा एका अपघातामुळे ठाऊक असते. २ फेब्रुवारी १९४९ रोजी सकाळी टेक्सासमधील व्हॅन हॉर्न या गावाजवळ, दाट धुक्यात, एका पुलावर ट्रकला ओलांडून पुढे येणारी ग्रेहाउंड कंपनीची बस त्याच्या कॅडिलॅक गाडीवर समोरून आदळली, डॉक्टरांनी तो पुन्हा चालेल की नाही याविषयीही शंका व्यक्त केली, आणि सोळा महिन्यांनी त्याने अमेरिकेची राष्ट्रीय खुली स्पर्धा, म्हणजे यूएस ओपन, जिंकली. ही कथा इतकी सुबक आहे की १९५१ सालीच हॉलिवूडने तिच्यावर चित्रपट काढला, आणि तेव्हापासून होगन म्हणजे मृत्यूच्या दारातून परतलेला खेळाडू हे समीकरण पक्के झाले.

मला मात्र, त्याच्याविषयी जसजसे वाचत गेलो तसतसे, असे वाटू लागले की या अपघाताने होगनच्या चरित्रातील सर्वांत विलक्षण भाग झाकोळून टाकला आहे. तो भाग म्हणजे १९३० ते १९४० ही दहा वर्षे. त्या काळात त्याने एकट्याच्या बळावर एकही व्यावसायिक स्पर्धा जिंकली नाही, दोन-तीनदा खिसा रिकामा झाल्यामुळे दौरा अर्धवट सोडून घर गाठले, आणि तरीही हा धंदा सोडला नाही. पीजीए टूरवरील, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतील, त्याच्या ६४ विजयांपैकी पन्नासच्या वर विजय अपघातापूर्वीचे आहेत. उलट ज्यांना गोल्फमध्ये ‘मेजर’ म्हणतात त्या सर्वोच्च दर्जाच्या नऊ स्पर्धांपैकी सहा त्याने अपघातानंतर जिंकल्या. त्यामुळे सारे श्रेय त्या अपघाताला आणि त्यातून आलेल्या जिद्दीला देण्याचा मोह होतो. माझे मत उलट आहे. अपघातानंतर अधू पायांनी त्याने जे जिंकले, ते आधीच्या काळात साठवलेल्या पुंजीवर.

होगनचा जन्म १३ ऑगस्ट १९१२चा, टेक्सासमधल्या स्टीफनव्हिल गावचा. वडील चेस्टर लोहार होते. मोटारगाड्या आल्यावर घोड्यांच्या नालांचा धंदा किती दिवस टिकणार होता, हे सांगायला नको. कुटुंब फोर्ट वर्थ शहरात आले, आणि १९२२च्या फेब्रुवारीत वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. बेन तेव्हा नऊ वर्षांचा होता. पुढे आयुष्यभर त्याने या घटनेविषयी जवळजवळ मौन पाळले, म्हणून तिचा अर्थ लावण्याच्या फंदात मीही पडत नाही. एवढे खरे की घरात पैसा नव्हता आणि मुलांना हातपाय हलवणे भाग होते. बेन आधी रेल्वे स्थानकावर वर्तमानपत्रे विकत असे. अकराव्या वर्षी त्याला कळले की शहराबाहेरच्या ग्लेन गार्डन क्लबात खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या पोराला, म्हणजे कॅडीला, एका फेरीमागे वर्तमानपत्रे विकून मिळतात त्यापेक्षा अधिक पैसे मिळतात. गोल्फशी त्याचा संबंध आला तो असा, मजुरीच्या निमित्ताने.

त्याच क्लबात, त्याच वयाचा, आणखी एक कॅडी होता. त्याचे नाव बायरन नेल्सन. दोघांच्या जन्मात जेमतेम सहा महिन्यांचे अंतर. पुढे जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंत गणले गेलेले दोन पुरुष एकाच लहानशा क्लबात एकाच वेळी पिशव्या वाहत होते, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने लिहिला असता तर आपण त्याला नावे ठेवली असती. १९२७च्या नाताळात क्लबाने कॅडींसाठी ठेवलेल्या स्पर्धेत दोघांची बरोबरी झाली, निर्णयासाठी पुन्हा खेळावे लागले, आणि नेल्सन एका फटक्याने जिंकला (गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो). क्लबाचे कनिष्ठ सदस्यत्व पुढे मिळाले तेही नेल्सनला. नेल्सन उंचापुरा, मनमिळाऊ आणि सर्वांना हवासा वाटणारा मुलगा होता. होगन ठेंगणा, अबोल आणि काहीसा तुसडा. पुढची वीस वर्षे ही तुलना होगनच्या मानेवर बसून होती.

सतराव्या वर्षी, १९३०च्या आरंभी, होगनने स्वतःला व्यावसायिक खेळाडू म्हणून घोषित केले. आज व्यावसायिक गोल्फ म्हटले की खासगी विमाने आणि कोट्यवधींचे करार डोळ्यांसमोर येतात, म्हणून त्या काळातल्या धंद्याची रीत थोडी सांगायला हवी. गोल्फच्या व्यावसायिकाची खरी नोकरी एखाद्या क्लबात असे. सदस्यांना शिकवायचे, त्यांच्या काठ्या दुरुस्त करायच्या, दुकान चालवायचे, आणि हिवाळ्यात उत्तरेकडचे क्लब बर्फामुळे बंद झाले की कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा अशा उबदार प्रांतांतून गावोगाव मोटारीने हिंडत स्पर्धा खेळायच्या. बक्षिसाची रक्कम लहान आणि तीही वरच्या मोजक्या खेळाडूंतच वाटली जाई. बाकीच्यांना प्रवास, खाणे आणि राहणे पदरमोड करूनच भागवावे लागे. त्यातच महामंदी. होगनने १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात दौऱ्यावर जाण्याचे जे प्रयत्न केले ते सारे पैसे संपल्यामुळे थांबले. मधल्या काळात त्याने तेलविहिरींवर काम केले, हॉटेलात काम केले, जुगाराच्या अड्ड्यावर पत्तेही वाटले. १९३५मध्ये व्हॅलरी फॉक्स हिच्याशी त्याचे लग्न झाले. पुढच्या दौऱ्यांतले हाल दोघांनी मिळून सोसले.

पैशांच्या टंचाईपेक्षा मोठी अडचण होती ती खुद्द त्याच्या फटक्यात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत एकाएकी डावीकडे वळून खाली झेपावतो, त्याला हूक म्हणतात. होगन अंगाने लहान होता, म्हणून मोठ्या मुलांच्या बरोबरीने चेंडू लांब जावा यासाठी त्याने लहानपणीच काठी हातात घट्ट आणि उजवीकडे वळवून धरण्याची व मनगटे जोरात फिरवण्याची सवय लावून घेतली होती. त्यामुळे अंतर मिळे, पण दिशा हाती राहत नसे. हूक झालेला चेंडू जमिनीवर पडल्यावर थांबत नाही, तो धावत झाडीत किंवा हद्दीबाहेर जातो. तीन दिवस उत्तम खेळून चौथ्या दिवशी दोन हूकपायी सगळे घालवायचे, हे होगनच्या बाबतीत वारंवार घडले.

यावर त्याने केलेला उपाय आज आपल्याला साधा वाटतो, पण त्या काळी तो चमत्कारिक मानला गेला. तो सराव करू लागला. त्यापूर्वी खेळाडू फेरी सुरू होण्याआधी हात मोकळे करण्यापुरते चार फटके मारत. फेरी संपल्यावर मैदानावर परत जाऊन अंधार पडेपर्यंत चेंडू मारत राहणे कोणाच्या मनात येत नसे. होगनने ते रोजचे काम करून टाकले, आणि ते अंदाधुंद नव्हते. एक काठी घ्यायची, एकच फटका, त्यातला एकच बारकावा, तो बसेपर्यंत पुढे जायचे नाही. आपल्याकडे गवयाच्या घरी पहाटे एकाच सुरावर तासभर थांबतात, त्या जातीचा हा रियाझ होता. आजच्या गोल्फमैदानांवर सरावासाठी जी स्वतंत्र जागा असते तिचे महत्त्व वाढवण्यात होगनचा वाटा फार मोठा आहे. ‘होगन एवढा सराव करतो’ हे आधी चेष्टेने बोलले जाई. तो जिंकू लागल्यावर इतरही फेरी संपताच चेंडूंची पिशवी घेऊन बाहेर पडू लागले.

१९३८च्या आरंभी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे होगन दांपत्याकडचे पैसे अगदी संपत आले होते. स्पर्धेच्या काळातच एका सकाळी होगन हॉटेलाबाहेर आला तेव्हा त्याच्या गाडीची चाके चोरीला गेलेली होती आणि गाडी दगडांवर टेकवून ठेवलेली होती. दुसऱ्या एका खेळाडूच्या गाडीतून तो मैदानावर पोहोचला, चांगला खेळला, आणि काहीशे डॉलर बक्षीस मिळाल्यामुळे दौरा पुढे चालू राहिला. होगन स्वतः ही आठवण आपल्या कारकिर्दीतला निर्णायक क्षण म्हणून सांगत असे. ते पैसे मिळाले नसते तर त्याने खेळ सोडला असता का? त्याच्या स्वभावाकडे पाहता मला तसे वाटत नाही, पण पैशांअभावी खेळ सुटण्यासाठी माणसाचा स्वभाव दुबळा असावा लागतो असेही नाही.

अखेर १९४०च्या मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलिनातील पाइनहर्स्ट येथे नॉर्थ अँड साउथ ओपन या स्पर्धेत त्या काळचा नामांकित खेळाडू सॅम स्नीड याला मागे टाकून होगनने एकट्याने मिळवलेले पहिले विजेतेपद पटकावले. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्याच्या हातात होती ती ड्रायव्हर नावाची लांब पल्ल्याच्या फटक्यांची काठी नेल्सननेच त्याला दिलेली होती. मग जणू बांध फुटला. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत त्याने ग्रीन्सबरो आणि ॲशव्हिल येथील स्पर्धाही जिंकल्या, आणि १९४०, १९४१, १९४२ अशी लागोपाठ तीन वर्षे सर्वाधिक कमाई करणारा खेळाडू तोच होता. मात्र १९४२च्या मास्टर्स या मेजर स्पर्धेत पुन्हा बरोबरी, पुन्हा नेल्सन, आणि पुन्हा एका फटक्याने हार.

महायुद्धात त्याची १९४३ ते १९४५ ही वर्षे सैन्याच्या हवाई दलात गेली. प्रकृतीच्या कारणाने भरती न झालेल्या नेल्सनने १९४५ या एका वर्षात १८ स्पर्धा जिंकल्या, त्यांतील ११ सलग. हा विक्रम आजही अबाधित आहे. १९४६मध्ये होगनने १३ स्पर्धा जिंकल्या, तरी त्या वर्षी मास्टर्स आणि यूएस ओपन या दोन्ही ठिकाणी शेवटच्या होलवर तीन-तीन पट घेऊन त्याने हातची संधी घालवली. होल म्हणजे चेंडू ज्यात घालायचा ते भोक आणि तिथवरचा खेळाचा टप्पा; असे अठरा होल मिळून एक फेरी होते. पट म्हणजे भोकाजवळच्या हिरवळीवरून चेंडू घरंगळवत नेण्याचा हलका फटका. ऑगस्टमध्ये पोर्टलंड येथे पीजीए अजिंक्यपद जिंकून त्याने पहिले मेजर मिळवले, तेव्हा तो नुकताच ३४ वर्षांचा झाला होता. त्याच वर्षाअखेरीस, त्याच वयात, पाच मेजर पदरात पाडून नेल्सनने नियमित खेळातून निवृत्ती घेतली आणि तो आपल्या गुरांच्या कुरणाकडे निघून गेला. एकाची कारकीर्द संपते तिथे दुसऱ्याची खऱ्या अर्थाने सुरू होते. कोणाच्या उमेदीचा काळ कधी येईल याचे वेळापत्रक खेळात नसते, हे या जोडीइतके स्पष्ट मला इतरत्र दिसलेले नाही.

हूकचा बंदोबस्तही याच सुमारास झाला. डाव्या हाताची पकड डावीकडे वळवून आणि काठी मागे नेताना डावे मनगट किंचित आत वाकवून त्याने चेंडू शेवटी अलगद उजवीकडे झुकेल अशी व्यवस्था केली. असा चेंडू, म्हणजे फेड, जमिनीवर उतरला की लवकर थांबतो. यालाच पुढे ‘होगनचे गुपित’ म्हणून प्रसिद्धी मिळाली आणि १९५५मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने ते त्याच्याकडून पैसे मोजून छापले. त्याने सगळे सांगितले की काही हातचे राखले, यावर गोल्फवाले अजून वाद घालतात. गुपिताच्या या चर्चेत मला फारसे तथ्य वाटत नाही. दहा-पंधरा वर्षे एका दोषाचा पिच्छा पुरवलेल्या माणसाला सापडलेले उत्तर दुसऱ्याच्या हाताला तसेच कसे लागू पडावे? असो. १९४८मध्ये त्याने दहा स्पर्धा जिंकल्या, त्यांत पीजीए अजिंक्यपद होते आणि लॉस एंजेलिसच्या रिव्हिएरा मैदानावरील यूएस ओपनही होते. तिथला त्याचा २७६ फटक्यांचा विक्रम १९६७पर्यंत टिकला.

आणि मग तो अपघात. धडक अटळ दिसताच होगनने व्हॅलरीला वाचवण्यासाठी स्वतःला तिच्या अंगावर झोकून दिले. त्याच क्षणी स्टीअरिंगचा दांडा मागे घुसून चालकाच्या आसनात शिरला, म्हणजे पत्नीला वाचवताना तो स्वतःही वाचला. ओटीपोटाचे हाड, गळपट्टीचे हाड, डावा घोटा आणि बरगडी मोडली. त्याहून गंभीर म्हणजे पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या फुप्फुसाकडे सरकू लागल्या. न्यू ऑर्लिन्सहून विमानाने आलेले शल्यविशारद ॲल्टन ऑक्सनर यांनी एल पासो येथे शस्त्रक्रिया करून पायांकडून हृदयाकडे जाणारी मुख्य शीर बांधून टाकली. जीव वाचला, पण पायांतला रक्तप्रवाह कायमचा मंदावला. पुढे आयुष्यभर पाय सुजत, आणि खेळण्यापूर्वी गरम पाण्यात बसून नंतर पट्ट्या गुंडाळणे हा त्याचा नित्यक्रम झाला.

१९५०च्या जूनमध्ये फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन मैदानावर यूएस ओपन झाली. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे शेवटच्या दिवशी एकाच दिवसात ३६ होल खेळावे लागत, आणि गोल्फमध्ये ३६ होल म्हणजे कित्येक मैलांची चाल. शेवटच्या टप्प्यात त्याची आघाडी विरघळत गेली. अठराव्या होलवर बरोबरीसाठी चार फटक्यांत काम संपवणे आवश्यक होते, आणि दूरवरून एक नंबरच्या आयर्नने, म्हणजे हाताळायला सर्वांत अवघड लोखंडी काठीने, त्याने चेंडू हिरवळीवर पोहोचवला. हाय पेस्किन या छायाचित्रकाराने पाठमोऱ्या होगनचे त्या फटक्यानंतरचे टिपलेले छायाचित्र खेळाच्या इतिहासातील अजरामर छायाचित्रांत मोडते. दुसऱ्या दिवशी प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरीत असलेल्यांच्या निर्णायक फेरीत, होगनने ६९, लॉइड मँग्रमने ७३ आणि जॉर्ज फॅझिओने ७५ फटके घेतले. त्या एका नंबरच्या आयर्नच्या फटक्याला लोक धैर्य म्हणतात. मला त्यात १९३०च्या दशकातल्या संध्याकाळी दिसतात: पाय साथ देत नसताना हातांना जे मुखोद्गत होते तेच त्या क्षणी उपयोगी पडले.

यानंतर होगन वर्षातून मोजक्याच स्पर्धा खेळू लागला. १९५१मध्ये मास्टर्स आणि यूएस ओपन. १९५३ हे तर त्याचे सोन्याचे वर्ष. सहा स्पर्धा खेळला, पाच जिंकल्या. मास्टर्समध्ये २७४ फटके घेऊन त्याने जुना विक्रम पाच फटक्यांनी मोडला, ओकमाँट येथे यूएस ओपन सहा फटक्यांच्या फरकाने जिंकली, आणि मग लोकांच्या आग्रहामुळे तो आयुष्यात एकदाच ब्रिटिश ओपन खेळायला स्कॉटलंडमधील कार्नूस्टीला गेला. तिथले मैदान समुद्राकाठचे, जमीन कडक, वारा बोचरा, आणि चेंडूही अमेरिकेतल्यापेक्षा आकाराने लहान. म्हणून तो स्पर्धेच्या बऱ्याच आधी पोहोचून नव्या चेंडूचा आणि जमिनीचा अंदाज घेत बसला. एवढा नावाजलेला असूनही नियमानुसार त्याला पात्रता फेरी खेळावीच लागली. सहाव्या होलवर डावीकडे हद्दीचे कुंपण आणि मध्ये वाळूचे खड्डे, यांच्यामधल्या अरुंद पट्टीत चेंडू टाकण्याची वाट त्याने निवडली, आणि आता ती वाट त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्याच्या फेऱ्या होत्या ७३, ७१, ७० आणि ६८. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा सरस, आणि शेवटच्या दोन एकाच दिवशी, अंगात कणकण असताना. चार फटक्यांनी तो जिंकला. बक्षीस होते ५०० पौंड. स्कॉटिश प्रेक्षकांनी त्याच्या निर्विकार चेहऱ्यावरून त्याला ‘छोटा बर्फाचा माणूस’ असे लाडके नाव ठेवले, आणि तो परतल्यावर न्यू यॉर्कने ब्रॉडवेवर त्याची मिरवणूक काढली. त्या वर्षीचे चौथे मेजर, म्हणजे पीजीए अजिंक्यपद, त्याला खेळताच आले नाही, कारण त्याच्या तारखा ब्रिटिश ओपनच्या पात्रता फेरीशी भिडत होत्या. शिवाय एका दिवसात दोन-दोन सामने खेळण्याची ती पद्धत त्याच्या पायांना झेपण्यासारखी उरली नव्हती. एका वर्षात तीन व्यावसायिक मेजर जिंकण्याचा पराक्रम त्यानंतर थेट २००० साली टायगर वूड्सने केला.

उतरती वर्षे थोडक्यात सांगतो, कारण ती एकाच गोष्टीची पुनरावृत्ती आहे: लांबचे फटके अचूक आणि पटच्या वेळी हात थिजलेले. १९५५च्या यूएस ओपनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिम्पिक क्लबवर दूरचित्रवाणीने त्याला विजेता जाहीरही करून टाकले होते, पण आयोवातल्या जॅक फ्लेक नावाच्या जवळजवळ अनोळखी खेळाडूने शेवटच्या चारांपैकी दोन होलवर बर्डी करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन, बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफ ६९ विरुद्ध ७२ असा जिंकला. गंमत अशी की फ्लेकच्या पिशवीतल्या काठ्या होगनच्याच नव्या कारखान्यात बनलेल्या होत्या. हा कारखाना त्याने १९५३मध्ये फोर्ट वर्थला काढला आणि पहिली मोठी खेप मनासारखी उतरली नाही म्हणून, भागीदाराचा विरोध पत्करून, ती बाजारात जाऊ दिली नाही. लोहाराच्या मुलाने लोखंडात केलेली ही कुचराई-बंदी मला त्याच्या एखाद्या मेजरइतकीच आवडते. १९६०मध्ये, ४७व्या वर्षी, डेन्व्हरजवळच्या चेरी हिल्सवर तो पुन्हा यूएस ओपन जिंकण्याच्या बेतात होता, आणि सतराव्या होलवर चेंडू पाण्यात गेला. त्या दिवशी त्याच्याबरोबर खेळणारा वीस वर्षांचा हौशी पोरगा म्हणजे पुढे गोल्फचा महान खेळाडू ठरलेला जॅक निक्लॉस होता.

ज्यांना होगनचा खेळ प्रत्यक्ष पाहायचा असेल त्यांच्यासाठी एक चांगली सोय आहे. १९६४मध्ये ह्यूस्टन येथे दूरचित्रवाणीसाठी त्याचा आणि सॅम स्नीडचा १८ होलचा सामना चित्रित करण्यात आला, आणि तो आजही पाहता येतो. पन्नाशी ओलांडलेल्या होगनने त्यात एकही फेअरवे, म्हणजे हिरवळीपर्यंतची कापलेल्या गवताची पट्टी, आणि एकही हिरवळ चुकवली नाही आणि ६९ विरुद्ध ७२ असा सामना जिंकला. त्यातले पट पाहताना मात्र थोडा धीर धरावा लागतो, कारण तो चेंडूवर वाकून इतका वेळ निश्चल उभा राहतो की चित्रफीत अडकली की काय अशी शंका यावी.